आधी "जेवलास का?" ते विचारा!



३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. आपल्याकडे तेव्हा परीक्षा तरी चालू असते नाहीतर सुट्टी, त्यामुळे हा दिवस आपल्याला भेटतो तो नोटीस बोर्डावरच्या पोस्टरमधूनच. काळी पडलेली फुप्फुसं, एखादी कवटी आणि खाली लाल अक्षरांत धोक्याची सूचना. पोस्टरचं काही चुकत नाही, पण ते गोष्टीचा शेवट सांगतं. गोष्ट सुरू कुठून झाली, हे कुणी विचारतच नाही.

हॉस्टेलवर रात्री गप्पा रंगल्या की मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारलाय. "पहिली कधी ओढलीस रे?" उत्तरं ठरलेली असतात. कुणी म्हणतो टेन्शन होतं, कुणी म्हणतो मित्रांनी हातात दिली, कुणी म्हणतो सबमिशनला रात्रभर जागायचं होतं. पण आणखी एक उत्तर आहे. ते जरा हळू आवाजात येतं, आणि लोक ते कारण म्हणून धरतच नाहीत. "त्यानं भूक लागत नाही रे."

हा लेख त्या शेवटच्या उत्तराबद्दल आहे.

जरा आजूबाजूला बघा. जिमला जाणारा एकजण 'कटिंग'वर आहे म्हणून त्याने रात्रीची पोळी सोडलीय. गॅदरिंगच्या नाचात नाव आहे म्हणून कुणी पंधरा दिवस नुसत्या काकडीवर आणि ब्लॅक कॉफीवर काढतंय. कुणाला गावाकडून पैसे उशिरा आलेत, म्हणून तो मेसचे खाडे टाकतोय. कुणी नऊच्या लेक्चरला पावणेनऊला उठतो, तेव्हा नाश्त्याची भांडी घासून झालेली असतात. चौघांची कारणं वेगळी, पण अकरा वाजता चौघांच्या पोटात सारखाच खड्डा. मग गेटबाहेरची टपरी, एक कटिंग चहा, आणि चहाबरोबर... बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

आपण याला दोन वेगळ्या गोष्टी समजतो. न जेवणं म्हणजे 'डाएट' किंवा 'घाई', आणि सिगरेट म्हणजे 'व्यसन'. माझं म्हणणं असं की बऱ्याच वेळा ही एकाच साखळीची दोन टोकं असतात. उपाशी राहायची सवय आधी लागते आणि तंबाखू तिच्या मागून येते.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. २००१ साली अमेरिकेतल्या 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये एक अभ्यास छापून आला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सहावी-सातवीच्या मुलामुलींना आधी विचारलं, वजन कमी करायला डाएट करता का, किती वेळा? मग साधारण दोन वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा गाठून विचारलं, सिगरेट ओढता का? ज्या मुली आठवड्यातून एकदापर्यंत डाएट करत होत्या त्यांच्यात धूम्रपान सुरू होण्याची शक्यता डाएट न करणाऱ्या मुलींच्या दुप्पट निघाली. ज्या त्याहून जास्त वेळा करत होत्या त्यांच्यात जवळजवळ चौपट! मुलांमध्ये मात्र असा संबंध दिसला नाही.

इथे कुणीतरी हात वर करणार हे मला माहीत आहे. "सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, एम-थ्रीला शिकलोय आपण!" बरोबर आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, इथे डाएट आधी नोंदलेलं आहे आणि सिगरेट नंतर, म्हणजे क्रम तरी पक्का आहे. दोन, डाएट केलं की सिगरेट येतेच असं हा अभ्यास म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. डाएट करणारे बहुतेक जण कधीच सिगरेट ओढणार नाहीत, आणि सिगरेट ओढणारे कित्येक जण मेसमध्ये सात-सात पोळ्या हाणतात. मुद्दा एवढाच की उपाशी पोट हा एक दरवाजा आहे, आणि त्याला कुंडी लावायचं आपल्यापैकी कुणालाच सुचत नाही.

"मग मुलांमध्ये संबंध नाही, आम्ही सुटलो!" असंही समजू नका. ती पोरं बारा-तेरा वर्षांची होती आणि आईच्या हातचं जेवत होती. मोठी पुरुषमंडळी खरोखर उपाशी राहिली तर काय होतं, याचा एक प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी झाला होता. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा माणसात कसं आणायचं, हे शोधायचं होतं. त्या तरुणांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. पण गंमत बाकीच्या नोंदींत आहे. त्यांचं चहा-कॉफी पिणं इतकं वाढलं की दिवसाला नऊ कपांची मर्यादा घालावी लागली. च्युइंगमवर सुद्धा बंधन आणावं लागलं. आणि एरवी शांत असणारे कित्येक जण नखं कुरतडू लागले, सिगरेट ओढू लागले. चहा, तोंडात काहीतरी चघळायला, आणि सिगरेट! ही यादी मी वाचली तेव्हा मला आपली टपरीच आठवली.

आता थोडं आपल्या गावाकडे येऊ. कारण हे फक्त अमेरिकेतलं शास्त्र आहे असं वाटलं तर तुम्ही पान उलटाल.

आमचा कोरेगाव तालुका तसा दोन तोंडांचा. एकीकडे उसाचा हिरवा पट्टा, दुसरीकडे पावसाची वाट बघणारी उत्तरेकडची गावं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. कष्टाच्या माणसाच्या कनवटीला तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असतेच. थंडीत पहाटेच्या अंधारात फडावर कोयता घेऊन उतरणारा ऊसतोड मजूर भाकरी नंतर खातो, तंबाखू आधी मळतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की निकोटीनने भूक दबते. पण त्याच्या शरीराला ते माहीत असतं. भाकरी लांब आहे, काम जवळ आहे, मग मधला वेळ तंबाखू भरून काढते.

आणि बायका? आपल्यापैकी निम्म्या जणांच्या घरी एखादी आजी मिश्री लावणारी असेल, कुणी तिला मशेरी म्हणतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दाताला घासायची. सुरुवात दात घासायला म्हणून होते आणि मग दिवसातून चार-पाच वेळा बोट तोंडात जातं. १९६०च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून जास्त खेडुतांची तोंडं तपासली, तेव्हा बायकांमध्ये हीच मिश्री मोठ्या प्रमाणावर आढळली. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई, वरून सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला भाकरी चालत नाही, पण मिश्रीने उपास मोडतो असं कुणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणजे भुकेवर तंबाखूचं औषध आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आपण फक्त पुडीच्या जागी पाकीट आणलं आणि गरिबीच्या जागी 'फिगर'!

आकडे सुद्धा हेच सांगतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. यातले ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. काहीजण दोन्ही करत होते. तेव्हा "मी सिगरेट ओढत नाही, फक्त मावा खातो" म्हणणाऱ्या मित्रांनी या लेखातून स्वतःला वगळू नये. निकोटीन ओठाखालून गेलं काय अन् फुप्फुसातून गेलं काय, मेंदूत पोचल्यावर तेच काम करतं.

ते काम नेमकं काय, ते आपल्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. भूक कधी लागावी आणि पोट कधी भरलं म्हणावं, याचं नियंत्रण तिथून चालतं. २०११ साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की 'पोट भरलं' असा संदेश देणाऱ्या तिथल्या पेशींना निकोटीन थेट चालू करतं. पोटात काही नाही, पण मेंदूला निरोप गेला की झालं जेवण! शिवाय निकोटीनने ॲड्रेनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, साठवलेली साखर रक्तात येते आणि थोडा वेळ तरतरी वाटते. सिगरेटचा झुरका घेतल्यापासून हे निकोटीन मेंदूत पोचायला दहा-एक सेकंद लागतात. मेसच्या रांगेत ताट मिळायला वीस मिनिटं लागतात. स्पर्धा कशी होणार?

बाईकच्या पेट्रोलच्या काट्याचं उदाहरण घ्या. टाकी रिकामी होत आली की काटा लाल रेषेवर येतो. शहाणा माणूस पंपावर जातो. आपण काय करतो, तर काट्याची वायर अशी जोडतो की तो कायम 'फुल' दाखवील. गाडी थोडा वेळ पळते सुद्धा. ती बंद पडते तेव्हा आपण कुठल्या घाटात आहोत, एवढंच बघायचं उरतं.

सिगरेट कंपन्यांना हे आपल्या आधी समजलं होतं. १९२८-२९च्या सुमारास अमेरिकेत 'लकी स्ट्राईक'ने बायकांना उद्देशून जाहिरात केली की गोड खावंसं वाटलं तर त्याऐवजी आमची सिगरेट घ्या. मिठाईवाल्यांनी त्यावर बोंब मारली. १९२९च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुण मुलींच्या हातात सिगरेटी देऊन त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणून मिरवण्यात आलं. ती कल्पना एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धीतज्ज्ञाची, आणि पैसे सिगरेट कंपनीचे. पुढे १९६८ साली तर खास बायकांसाठी आलेल्या सिगरेटच्या नावातच 'स्लिम्स' हा शब्द आला. आपल्याकडे २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घातली. पण बारीक दिसण्याची जाहिरात थोडीच थांबते? २००८ साली एका हिंदी सिनेमामुळे 'साईज झिरो' हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचला होता. आता तर मोबाईलवर अंगठा सरकवला की दर तिसऱ्या रीळमध्ये कुणीतरी पोटाचे सहा तुकडे दाखवतंय. घरी मोठ्यांचं दिवसातून दोनदाच खायचं की दर दोन तासांनी, यावर भांडण चालू. या सगळ्यात सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या हाती एवढंच लागतं की न खाणं म्हणजे शहाणपण.

बरं, एवढं करून माणूस बारीक तरी होतो का? सिगरेट ओढणाऱ्यांचं वजन सरासरी थोडं कमी भरतं, हे खरं आहे. ते लपवून उपयोग नाही, कारण खोटं बोललं की पुढचं कुणी ऐकत नाही. पण जास्त ओढणाऱ्यांच्या बाबतीत चरबी पोटाभोवती साचण्याकडे कल असतो, म्हणजे जी ढेरी घालवायची तीच राहते. जिमवाल्यांसाठी वेगळं सांगायला नको. धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, मग ट्रेडमिलवर धाप लागते आणि आपण प्रोटीनच्या डब्याला दोष देतो.

आणि खरी मेख पुढेच आहे. सिगरेट सोडल्यावर भूक परत येते आणि वजन वाढतं. २०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका आढाव्यानुसार सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलोने वाढतं. इतर कारणांनी ओढणाऱ्या माणसाला हे चार किलो चालतात, कारण जीव वाचतो. पण ज्याने वजनाच्या भीतीनेच सुरुवात केली, त्याला हे चार किलो म्हणजे वाघ वाटतो. म्हणजे ज्या दारातून तो आत गेला, तेच दार बाहेर पडताना बंद! माझ्या ओळखीच्या एका सीनिअरने तीनदा सोडून तीनदा धरली. दर वेळी कारण एकच, "पँट होईना गड्या." आपण त्याला हसलो. हसायला नको होतं, असं आता वाटतं.

मग करायचं काय? दंड, तपासणी, बॅग झडती हे सगळं चालूच असतं. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला आणि १८ वर्षांखालच्यांना द्यायला कायद्याने बंदी आहे. एफ.ई.ला आलेली कित्येक पोरं पहिल्या सेमिस्टरला अठराची सुद्धा नसतात, हे टपरीवाल्याने आणि आपण सीनिअर म्हणवणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर आणि २०२० साली सुट्या सिगरेट-विडीच्या विक्रीवर बंदी आली. कायदे हवेतच, ते कडकपणे पाळलेही जावेत. पण टपरी शंभर यार्ड लांब गेली तर उपाशी पोरगं एकशे एक यार्ड चालत जाईल. त्याला आत थांबवायचं असेल तर आत खायला काहीतरी हवं.

म्हणून रेक्टर सर, मेस कमिटी आणि स्टाफपुढे काही साध्या गोष्टी मांडतो. पहिली, नाश्त्याची वेळ अर्धा तास तरी वाढवावी, निदान सबमिशन आणि परीक्षेच्या दिवसांत. दुसरी, रात्री अकरानंतर मेसच्या कट्ट्यावर काहीतरी साधं मिळावं. उकडलेली अंडी, चणे-शेंगदाणे, केळी, खिचडी, काहीही. चहा-सिगरेटला जेवढे पैसे जातात तेवढ्यात हे बसतं. तिसरी, ज्याचे ओळीने खाडे पडतात त्याला मेसच्या वहीत फक्त 'खाडा' लिहून सोडू नये. पैशाची अडचण असेल तर कुणाला कळू न देता सोय व्हावी. चौथी, वजन कमी करायची गरज खरंच असेल तर डॉक्टरला दाखवण्याची वाट मोकळी असावी, म्हणजे पोरं मोबाईलवरच्या कुठल्याही 'कोच'च्या नादी लागणार नाहीत.

आणि आपल्यासाठी? हॉस्टेलवर टोपणनाव नसलेला माणूस नाही हे मान्य. पण 'ढोल्या', 'हत्ती', 'टुणटुण' या हाका वर्षभर कानावर पडल्या की तो माणूस आरशात काय बघत असेल? जिन्यावरून जाणाऱ्या मुलीच्या वजनावर मारलेली कॉमेंट तिच्या ताटापर्यंत पोचते हे कुणाच्या लक्षात येतं का? कधी कधी लॅबमध्ये सर-मॅडम सुद्धा गमतीने बोलून जातात. गंमत बोलणाऱ्याची होते आणि खाडा दुसऱ्याचा पडतो.

ज्यांना सोडायचीच आहे त्यांनी एकट्याने कुढत बसू नये. राष्ट्रीय टोबॅको क्विटलाईनचा १८००-११२-३५६ हा नंबर मोफत आहे, तिथे सल्ला मिळतो. सोडल्यावर भूक वाढणार, हे आधीच गृहीत धरा आणि त्या भुकेला जेवण द्या. वेळेवर जेवलं, थोडं चाललं-पळालं तर चार किलोचा वाघ मांजराएवढा होतो.

आमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. देशभर नाव झालं, आणि इथलीच पोरं ताटातली उसळ बाजूला सारून धुरावर दिवस काढतात, हे काही बरं दिसत नाही! आपल्याकडे माणूस भेटला की "कसा आहेस?" च्या आधी "जेवलास का?" विचारायची रीत आहे. घरी आई फोनवर पहिलं हेच विचारते आणि आपण "हो गं" म्हणून खोटं बोलून मोकळे होतो. रूममेटला मात्र खोटं बोलता येत नाही, कारण तो समोर असतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा मित्र टपरीकडे निघालेला दिसला तर त्याला कॅन्सरवर भाषण देऊ नका. ते त्याने पाकिटावर वाचलेलंच असतं. फक्त एवढंच विचारा, "काय रे, सकाळपासून काही खाल्लंस का?" आणि उत्तर 'नाही' आलं तर त्याला मेसकडे ओढून न्या. ताट तुम्हीच वाढा. झाली तर दोन पोळ्यांची उधारी होईल, ती फेडता येते.

— एक होस्टेलकर, टी.ई. मेकॅनिकल